गाडीचे खांदे

माझा सत्कार झाला की मी कंदिलाबद्दल बोलतो. आमच्याकडे शिक्षकाला शाल-नारळ मिळायला फार मोठं निमित्त लागत नाही. शाळेचं गॅदरिंग असो, हनुमान जयंती असो की समाजाचा गुणवंत मेळावा, स्टेजवर दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या की मला फोन येतो. मी उभा राहतो, घसा साफ करतो आणि सांगतो की आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, बाबा चौथी नापास, आई शाळेच्या पायरीपर्यंतसुद्धा गेली नाही आणि मी कंदिलाच्या उजेडात शिकलो. खरं म्हणजे आमच्या घरी लाईट होती. ती लोडशेडिंगमध्ये जायची आणि तेवढा वेळ कंदील लागायचा. पण 'लोडशेडिंगमध्ये शिकलो' म्हटलं तर कुणी रुमाल काढत नाही.

हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी सगळ्यात जास्त शोभा याच कंदिलाने केली.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दहावीला प्रकाशाचे धडे माझ्याकडेच असतात. भिंगं, आरसे, किरणांच्या आकृत्या मी फळ्यावर न बघता काढतो. घर पिपरी मेघेला आहे आणि गाव वडनेरच्या फाट्यावरून सहा किलोमीटर आत. तीन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड एसयूव्ही घेतली. काळी, उंच, समोरून पाहिली तर रागावलेल्या हेडमास्तरांसारखी. आम्ही नवरा-बायको दोघं; दोघांना मावायला छोटी गाडी पुरली असती. पण पहिल्या पिढीच्या पदवीधराला छोट्या गाडीतून गावात जाता येत नाही. लोक म्हणतात, एवढं शिकून हेच का.

त्याच वर्षी बाबांनी बैलजोडी विकली. गुडघे बोलायला लागले होते आणि वावर आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होत होतं. बैलांचा कोठा रिकामा झाला. मी पहिल्यांदा गाडी घेऊन गावी गेलो तेव्हा ती आंगणात लावत होतो, तर बाबा म्हणाले, "तिथं उन्हात कायले? कोठा खालीच हाये. इथं बांध."

'बांध' म्हणाले. मी हसलो आणि गाडी कोठ्यात बांधली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी ती तिथे असते आणि रविवारी दुपारी आम्ही परत निघतो.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावीच होतो. त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना गरम पाण्याने शेकायचं, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाला जेवायचं बोलावणं द्यायचं. बैल नव्हते. बाबा थोडा वेळ कोठ्याच्या दाराशी रेंगाळले, मग वाटीत तूप-हळद कालवून घेऊन आले आणि गाडीच्या समोरच्या दोन्ही दिव्यांवर पळसाचं पान फिरवत म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी फोटो काढला. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'संस्कृती जपणारे माझे बाबा.' भरपूर अंगठे आले. एका मुख्याध्यापकांनी तर हात जोडलेले तीन पाठवले. फोटोत दिव्यांवरची हळद स्पष्ट दिसत होती. माझ्यासकट सगळ्या विज्ञानशिक्षकांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी अंगठे दिले.

दोन वर्षांनी दिव्यांचा उजेड कमी वाटायला लागला. हायवेवर कळायचं नाही, कारण तिथे प्रत्येक जण इतका प्रखर दिवा लावून येतो की आपला रस्ता समोरच्याच्याच उजेडात दिसतो. फाट्यावरून आत वळलं की खरी गंमत. तिथे खांब आहेत, दिवे नाहीत. शनिवारी सकाळची शाळा, मग दहावीचे जादा तास, मग बाजार, असं करत फाट्यावर पोचायला दिवेलागण होते. नेमक्या त्याच वेळी सगळं गाव त्या अरुंद रस्त्यावर असतं. ढोरं परतत असतात, बैलबंड्या परतत असतात, आणि आमचं वावर त्याच रस्त्याला लागून असल्याने बाबाही जुन्या सायकलवरून परतत असतात.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी वळणावर एक काळा डोंगर अचानक गाडीपुढे आला. मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. डोंगर म्हणजे कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली बंडी होती. वर गावातलेच एक काका बसलेले. त्यांनी मागे वळून शांतपणे पाहिलं.

"मास्तर, बत्ती लावत जा ना अंधारात."

"लावलीच आहे, काका."

काकांनी वाकून गाडीकडे नीट पाहिलं. "हे लावली हाये? मले वाटलं, उदबत्ती हाये."

बंडी पुढे गेली. बायकोने दूर जाणाऱ्या बंडीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बंडी होती म्हणून बरं. मोठी असते, दिसली तरी. सायकल असती तर?"

कोणाची सायकल, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या रात्री मी ठरवलं की कितीही खटपट करावी लागो, या रस्त्यावर मला बाबा दिसलेच पाहिजेत.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या मागे भिंतभर बल्ब लटकवलेले होते. मी त्याला आधी माझं शिक्षण सांगितलं, मग अडचण. तो म्हणाला, "सर, कंपनीचे बल्ब म्हणजे नुसता शोपीस. साठ वॅटमध्ये का होते? आपण शंभर वॅटचे टाकू."

मला पटलं. शक्ती वाढवली की प्रकाश वाढणार. मी घरी येऊन कागदावर गणितही मांडलं आणि दुसऱ्या दिवशी तेच वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलं. एका मुलीने विचारलं, "सर, मग वायर तापत नाही का?" मी म्हणालो, तो पुढच्या धड्याचा भाग आहे.

वायर तापली. पुढच्या शनिवारी बोनेटमधून रबर शिजल्याचा वास येत होता आणि रस्ता पूर्वी दिसत होता तेवढाच दिसत होता. शंभर वॅट कुठे जात होते, देव जाणे. मी पुन्हा दुकानात. दुकानदाराने काचेवर बोट फिरवलं, म्हणाला, "जुनी गाडी आहे, काच पिवळी पडतेच." ते बोट त्याने पँटला पुसलं. तेव्हा त्याने बोट नाकाशी नेलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो बल्ब विकायला बसला होता, वास घ्यायला नाही. मीही नाही घेतला.

"एलईडी टाका, सर," तो म्हणाला. "पांढरी फेक. सहा हजार केल्विन. हे लावलं का समोरचा बोंबलते, आपण फक्त पाहाचं."

चांगल्या दिव्याची ही व्याख्या मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती, पण आपल्या रस्त्यांवर तीच चालते. समोरचा जितका बोंबलेल तितका माल चांगला. मी घेतले. त्या बल्बच्या मागे बोटाएवढा पंखा असतो, गरम होऊ नये म्हणून. गावी आईला दाखवला तर ती म्हणाली, "बत्तीले पंखा? माह्या चुलीपाशी नाई अजून."

एलईडीचा उजेड भरपूर होता, नाही म्हणणार नाही. पिपरी मेघेत समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ म्हणाले की तुम्ही गाडी वळवली की आमच्या देवघरात सकाळ होते. हायवेवर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारायला लागला. पहिले दोन दिवस मला वाटलं, ओळखीचे असतील. शिक्षकाचे विद्यार्थी सगळीकडे असतात. मी हातही केला. फक्त रस्ता काही नीट दिसत नव्हता. गाडीपुढे एक पांढरट धुकं तयार व्हायचं आणि त्यात मी शिरत जायचो. थंडीचे दिवस होते. मी म्हटलं, धुकंच असेल.

जानेवारीतला तो शनिवार. फाट्यावरून आत वळलो, दोन्ही बाजूंना तूर उभी होती. अंधार पूर्ण पडला नव्हता. समोरून काहीतरी येत होतं, बारीक, डुलत. मग त्याने एक हात डोळ्यांवर धरलेला दिसला. मग ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. मी गाडी थांबवली.

नालीतल्या बेशरमाच्या झुडपांतून आवाज आला, "कोण बे तो? बापाचा रस्ता हाये काय?"

बापाचाच होता. मी उतरून धावलो. विसरलेला डबा आणायला घरून पुन्हा वावराकडे निघालेले बाबा चिखलात बसले होते, सायकल त्यांच्या अंगावर आणि टोपी बेशरमाच्या फांदीवर. मी टॉर्च मारला तर त्यांनी पुन्हा डोळे झाकले.

"बंद कर ते. आधीच फुटले हायेत माहे डोळे."

"बाबा, मी आहे."

त्यांनी डोळ्यांवरचा हात काढला. "तू हाये होय. मले वाटलं टरक हाये." मग मनगट दाबत म्हणाले, "टरकवाला तरी डिपर मारते."

मनगट मुरगळलं होतं. मोडलं नाही, एवढं नशीब. सायकलचं पुढचं चाक मात्र पापडासारखं झालं होतं. बायकोने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. गावापर्यंत बाबा समोर बघत होते. ते पहिल्यांदाच माझे दिवे आतून पाहत होते.

"इतकं पांढरंफक केलं तू," ते म्हणाले, "पण रस्ता तं दिसूनच नाई राह्यला. तू चालवतं कसा?"

"अंदाजाने," मी म्हणालो. खरं तेच होतं.

माझ्या शिक्षणासाठी या माणसाने काय केलं, ते मी स्टेजवर अनेकदा सांगितलं आहे. रॉकेल वाचावं म्हणून ते अंधारात जेवायचे आणि कंदील माझ्याकडे सरकवायचे. हे खरं आहे. यात लोडशेडिंगची भेसळ नाही. आणि त्याचा बदला म्हणून मी त्यांना सहा हजार केल्विनने नालीत घातलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

झोप आली नाही म्हणून रविवारी मी सहालाच उठलो. एरवी गावी मी नऊच्या आत उठत नाही. आठवडाभर पोरांना शिकवून थकतो असा माझा समज आहे. बाहेर आलो तर कोठ्यात खुडबुड ऐकू आली. पाहतो तर बाबा गाडीपुढे उकिडवे बसलेले. उजव्या मनगटाला हळदीचा लेप आणि फडकं. डाव्या हातात पळसाचं पान. जवळ वाटी.

"काय करून राहिले, बाबा?"

"खांदे चोळून राह्यलो."

"आज कुठे पोळा आहे?"

"पोळ्याले तं सारेच करते," ते मागे न बघता म्हणाले. "जनावर हप्ताभर राबते. हप्त्यातून एक डाव तरी हात फिरवा लागते."

"म्हणजे दर रविवारी?"

"तू उठतं कव्हा? नवाले. तोपर्यंत माहं होऊन जाते."

मी दिव्याजवळ बसलो आणि नखाने खरवडलं. नखाखाली पिवळा, चिवट पापुद्रा आला, आंब्याच्या पोळीसारखा. नाकाशी नेला. तुपाचा आणि हळदीचा वास, थोडा करपलेला. दर रविवारचा एक थर. त्यावर सहा किलोमीटरची धूळ आणि आतून माझ्या शंभर वॅटची आच. दोन वर्षांत त्या तुपाचं चांगलं रोगण झालं होतं. साध्या बल्बचा उजेड त्याच्या आत कोंडून राहत होता आणि एलईडीचा त्यात फुटून चहूकडे पसरत होता. प्रकाशाचं विकिरण. दहावीच्या पुस्तकात आकृतीसकट आहे. मी दरवर्षी शिकवतो.

आता हे त्यांना सांगायचं कसं? बैल गेल्यावर या माणसाच्या हाताला कोठ्यात तेवढंच काम उरलं होतं. माझ्या पगाराचं, माझ्या शाळेचं, माझ्या पिपरी मेघेच्या घराचं त्यांना काही करता येत नव्हतं. माझ्या मालकीची एवढी एकच वस्तू होती जिला ते हात लावून आपली म्हणू शकत होते. मी पापुद्रा मुठीत धरून बसून राहिलो.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने वाटी पाहिली.

"तूप," ती म्हणाली. "म्हंजे माहं तूप इथं जाते होय?"

बायको तिच्या मागेच होती. गेलं वर्षभर दर सोमवारी डब्यातलं तूप कमी भरायचं आणि शहरातल्या सुनेला तूप फार लागतं, असं आई शेजारणींना सांगत होती.

"हिले बोलून राह्यली मी," आई म्हणाली.

"ऐकत होते मी," बायको म्हणाली. "आता त्या शेजारणींनाही सांगा."

बाबांनी पान वाटीत ठेवलं आणि माझ्या मुठीकडे पाहिलं. "काय हाये ते?"

मी मूठ उघडली. ते पापुद्र्याकडे पाहत राहिले, मग दिव्याकडे, मग स्वतःच्या बांधलेल्या मनगटाकडे. त्यांना आकृती लागली नाही.

"म्हंजे मी माह्याच तुपानं नालीत गेलो."

"तसं नाही, बाबा. माझे बल्बही..."

"तुले माहीत नव्हतं हे?"

"नाही."

"तू सायन्सचा मास्तर."

"हो."

"दोन डाव बत्त्या बदलवल्या. अन् काच नाई पाह्यली." ते हसायला लागले. मला आठवतं तेव्हापासून घरातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: पोराले विचारा, तो शिकला हाये. आज पहिल्यांदा पोराला काही माहीत नव्हतं, आणि ते त्यांना मनापासून आवडलं होतं. "कंदिलाची काच कोण घासे रोज? मी? राख घेऊन कोण बसे आंगणात?"

मी बसायचो. दिवेलागणीच्या आधी राखेने काच घासणं हे माझंच काम होतं. बाबा काचेपलीकडे आपलं बोट धरायचे. बोट दिसलं तर काच पास, नाहीतर पुन्हा राख. इतक्या सत्कारांत मी कंदिलाच्या उजेडाबद्दल बोललो, काचेबद्दल कधीच बोललो नाही. काच घासण्यावर टाळ्या मिळत नाहीत.

"आण राख," बाबा म्हणाले.

"राख नको, ओरखडे पडतील. ती काच होती, हे प्लॅस्टिक आहे."

"बरं, प्लॅस्टिकचा कंदील म्हण."

आईने गरम पाणी आणि भांड्यांचा साबण दिला. मी एका दिव्याला लागलो, बाबा डाव्या हाताने दुसऱ्याला. तासभर लागला. शेवटी बाबांनी वाकून काचेमागचा वाटोळा बल्ब दिसतो का ते पाहिलं आणि मान हलवली. पास. डिक्कीत कंपनीचे जुने बल्ब पडले होते, शोपीस म्हणून काढलेले. तेच परत बसवले.

त्या दिवशी मी मुद्दाम दुपारी निघालो नाही. दिवेलागणीला निघालो, बाबांना गावाबाहेरच्या वळणापर्यंत शेजारी बसवून. जुन्या बल्बांचा पिवळसर उजेड रस्त्यावर नीट पसरला होता. त्यात खड्डे दिसत होते, तुरीच्या शेंगा दिसत होत्या, आणि दूरवरून चालत येणारा एक माणूस त्याच्या हातातल्या पिशवीसकट दिसत होता. जवळ आल्यावर कळलं, ते बंडीवाले काका होते. बाबा त्यांच्याबरोबर गावी परतायला उतरले.

"मास्तर, बत्त्या नव्या टाकल्या वाटते," काका म्हणाले.

"जुन्याच आहेत, काका."

"त्यानं काच पुसली," बाबा म्हणाले. "बी.एस्सी. हाये ना."

एलईडी मी कुणाला दिले नाहीत. ते शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत. त्या वायरवाल्या मुलीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सर, आधी काचच पाहायची ना." मी तिला खाली बसायला सांगितलं.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी वाटी हातात घेऊन मला कोठ्यात बोलावलं. हे मी विसरणार नाही, कारण त्यांनी मला खरोखरच विचारलं, पोराला परीक्षेत विचारावं तसं नाही.

"सांग आता. इचे खांदे कुठं असते?"

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. जोर चाकांवर येतो, ओझं सस्पेन्शन घेतं, ओढतं इंजिन. पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नव्हतं. शेवटी मी पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर हात ठेवला. "हे धरा."

"नक्की? मांगून पुन्हा सांगशीन."

"नक्की."

बाबांनी पळसाचं पान बुडवलं आणि दोन्ही बाजूंचा पत्रा सावकाश चोळला. काळ्या रंगावर हळद चांगली खुलली. मग कमरेवर हात ठेवून ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी फोटो काढला नाही.

मग त्यांनी आपल्या पिवळ्या हाताकडे पाहिलं, इकडेतिकडे फडकं शोधलं आणि न मिळाल्यामुळे तो हात सवयीने समोरच्या दिव्यावर पुसला.

मी मागे फडकं घेऊनच उभा होतो.